उतरणीची वाट

चढ कठीण कीं उतार कठीण, असा प्रश्न कोणी केला तर आपल्यापैकीं बहुतेक जण चढाकडेच बोट दाखवितील. चढतांना दम लागतो, घाम येतो, पाय भरून येतात. त्यामुळें कष्ट तेवढे चढाचे आणि उतार म्हणजे सुख, अशी आपली समजूत होऊन बसलेली असते. पण ज्यांच्या हातीं वाहन असतें त्यांस एकदां विचारून पाहावें. सोलापूरहून मुंबईस निघालेली आगगाडी बोरघाटाच्या माथ्यावर येते, तेव्हां तिची खरी परीक्षा पुढेंच असते. घाट उतरण्यापूर्वीं तिचे ब्रेक तपासून घेतात. आणि तेवढ्यावर न थांबतां घाटांत मुख्य रुळांपासून फुटून डोंगराच्या अंगावर वर चढत गेलेले आखूड रूळ मुद्दाम घालून ठेवलेले असतात. उतारावर गाडी आवरेनाशी झाली तर ती या चढावर वळावी आणि तेथें तिचा वेग आपोआप मरावा, अशी ती योजना आहे. चढावर गाडी अडली तर फार तर उशीर होतो. उतारावर ती थांबली नाहीं तर घात होतो.

विमानाची गोष्ट याहून फारशी निराळी नाहीं. आकाशांत चढणारें विमान पाहून मुलें टाळ्या पिटतात आणि मोठीं माणसेंही कौतुकानें मान वर करतात. परंतु या विद्येंतील जाणते लोक काळजी करतात ती बहुतकरून त्याच्या उतरण्याची. आमच्या सोलापूरच्या वाचकांस तर हा विषय आतां परका राहिलेला नाहीं. होटगी रस्त्यावरील विमानतळावरून ९ जून २०२५ रोजीं गोव्याची आणि १५ ऑक्टोबर २०२५ रोजीं मुंबईची प्रवासी सेवा सुरू झाली, आणि डब्यांत रात्र काढून मुंबई गांठणाऱ्या या शहरास तासा-दीड तासाच्या प्रवासाची वाट दिसली. ज्या घरांतील मुलगा, सून, लेक-जांवई विमानानें येणार-जाणार, त्या घरानें विमान उतरतें कसें, उतरतांना अपघात कां होतात आणि ते टाळण्यांत जमिनीवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांचा वांटा कोणता, हें थोडें समजून घेणें अगत्याचें आहे. तेवढ्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों.

थोडा वेळ, मोठी जोखीम

जगांतील मोठ्या जेट विमानांना झालेल्या अपघातांचा एक गोषवारा बोइंग ही विमानें बांधणारी कंपनी दरवर्षीं प्रसिद्ध करीत असते. त्यांत एक गोष्ट पुनःपुन्हां दिसून येते. दीड तासाचा प्रवास धरला तर शेवटची उतरण आणि प्रत्यक्ष टेकणें यांत त्यांतील अवघा ४ टक्के, म्हणजे साडेतीन-चार मिनिटांचा वेळ जातो. आणि प्राणघातक अपघातांपैकीं जवळजवळ निम्मे अपघात नेमके या अवधींत घडलेले असतात.

याचें कारण समजण्यास यंत्रशास्त्राची मोठीशी गरज नाहीं. उंच आकाशांत असतांना विमानाच्या पदरीं दोन ठेवी असतात : एक उंची आणि दुसरी वेग. दहा किलोमीटर उंचीवर कांहीं बिघाड झाला तर वैमानिकाला विचार करण्यास, पुस्तक उघडून पाहण्यास, दुसरें विमानतळ शोधण्यास सवड असते. उतरतांना मात्र या दोन्ही ठेवी एकाच वेळीं खर्च करावयाच्या असतात, आणि तो खर्चही असा कीं, दोन्ही धांवपट्टीच्या उंबरठ्यावरच संपाव्या. महिन्याचा पगार बरोबर शेवटच्या दिवशीं संपावा, पैसाही उरूं नये आणि उसनेंही मागावें लागूं नये, असा संसार ज्या गृहिणीनें केला असेल तिला ही कसरत चटकन् कळेल. वेग अधिक उरला तर विमान पट्टी ओलांडून पुढें जातें. वेग अगोदरच संपला तर पंखांना हवेचा आधार मिळेनासा होतो आणि विमान उतरण्याऐवजीं पडतें.

उतरणीचा कोन साधारणपणें ३ अंशांचा असतो. दर किलोमीटर अंतरामागें विमान सुमारें ५२ मीटर खालीं येतें. पट्टीच्या टोकावरून तें सुमारें १५ मीटर उंचीवरून जावें, असा हिशेब असतो. लहान प्रवासी विमान झालें तरी या वेळीं त्याचा वेग ताशीं २०० किलोमीटरांच्या आसपास असतो. म्हणजे शेवटचा एक किलोमीटर तें अठरा सेकंदांत तोडतें. एवढ्या अवधींत चाकें आणि पंखांच्या पट्ट्या खालीं सोडलेल्या आहेत ना, वारा कोणत्या बाजूचा आहे, वेग किती राहिला, पट्टी समोर दिसते कीं नाहीं, या सर्वांचा मेळ बसलेला असावा लागतो. मोठ्या विमानतळांवर रेडिओ लहरींच्या साह्यानें ढगांतूनही वाट दाखविणारी यंत्रणा असते. लहान गांवीं ती बहुधा नसते. तेथें अखेरचा भरंवसा वैमानिकाच्या डोळ्यांवरच असतो. म्हणूनच केवळ नजरेच्या बळावर विमान चालवावयाचें असेल तर निदान ५ किलोमीटरपर्यंतचें स्वच्छ दिसलें पाहिजे, असा आपल्याकडे सर्वसाधारण दंडक आहे.

मुंबईची एक पावसाळी सायंकाळ

नियमांची ही भाषा प्रत्यक्षांत कशी उतरते हें पाहण्यासाठीं लांब जाण्याचें कारण नाहीं. १४ सप्टेंबर २०२३ रोजीं सायंकाळीं पांचच्या सुमारास विशाखापट्टणहून आलेलें एक लहान जेट विमान मुंबईच्या विमानतळावर उतरत होतें. लिअरजेट ४५ जातीचें हें विमान. दोन यंत्रें आणि आंत आठ-नऊ प्रवाशांची सोय. त्या दिवशीं सहा प्रवासी आणि दोन वैमानिक असे आठ जण त्यांत होते. उतरावयाचें होतें तें २७ क्रमांकाच्या पट्टीवर. (पट्टीचा क्रमांक म्हणजे होकायंत्रावरील तिची दिशा, २७ म्हणजे २७० अंश, अर्थात् तोंड पश्चिमेकडे.) मुंबईचा पाऊस जोरांत कोसळत होता आणि दृष्टि पोंचत होती ती केवळ ७०० मीटरपर्यंत.

हे ७०० मीटर म्हणजे किती, याचा हिशेब वाचकांनींच करून पाहावा. एवढें अंतर हें विमान सुमारें अकरा-बारा सेकंदांत तोडतें. पट्टी डोळ्यांस दिसणें आणि पट्टीला चाकें लागणें यांच्या मध्यें एक श्लोक नीट म्हणून होणार नाहीं एवढाच वेळ उरतो. त्या सायंकाळीं विमान पट्टीवर सरळ न टेकतां उजवीकडे भरकटलें, बाजूच्या भूमीवर आदळलें आणि त्याचे दोन तुकडे झाले. आगही लागली. विमानतळावरील अग्निशामक दल तात्काळ धांवलें आणि आठही माणसें जिवंत बाहेर आलीं, ही ईश्वराची कृपाच म्हणावयाची. कांहीं काळ देशांतील त्या अत्यंत गजबजलेल्या विमानतळाची वाहतूक बंद ठेवावी लागली.

आम्हांस येथें कोणा वैमानिकाचा दोष दाखवावयाचा नाहीं. तें तपास करणाऱ्यांचें काम आहे. लक्षांत ठेवावयाचें तें एवढेंच कीं, हा प्रसंग आडगांवच्या माळावर घडला नाहीं. सर्व साधनें, दिवे, यंत्रणा आणि अग्निशामक दल हाताशीं असलेल्या मुंबईंत तो घडला. जेथें हीं साधनें थोडीं, तेथें सावधगिरी अधिक हवी, कमी नव्हे.

डोंगर दिसला नाहीं

उतरण केवळ शेवटच्या दोन-चार किलोमीटरांत असते असेंही नाहीं. मोठ्या विमानाची उतरण शंभर-दीडशें किलोमीटर आधींच सुरू होते, आणि तेथें झालेली चूकही तितकीच जीवघेणी ठरते. ७ जुलै १९६२ च्या मध्यरात्रीं आलितालिया या इटालियन कंपनीचें डीसी-८ जातीचें विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होतें. सिडनीहून निघून तें रोमला जावयाचें होतें. मुंबई अद्याप सुमारें ८४ किलोमीटर दूर असतांना तें जुन्नरच्या बाजूच्या दवंड्याच्या डोंगरावर आदळलें आणि त्यांतील ९४ च्या ९४ माणसें प्राणांस मुकलीं. यंत्रें ठीक चाललीं होतीं, विमान वैमानिकाच्या ताब्यांत होतें. मुंबई आहे त्याहून जवळ आली, असा दिशादर्शनांत चुकीचा ग्रह झाला आणि सह्याद्रीचे माथे मागें पडण्यापूर्वींच विमान खालीं आणलें गेलें. पावसाळ्याच्या काळोख्या रात्रीं समोर डोंगर आहे हें कळण्यास दुसरें साधन नव्हतें.

असे अपघात त्या काळीं जगभर होत. पुढें कॅनडांत जन्मलेल्या डॉन बेटमन या अभियंत्यानें जमीन जवळ येत असल्याची सूचना वैमानिकास ओरडून देणारी यंत्रणा तयार केली; १९७० नंतरच्या दशकांत ती प्रवासी विमानांत सक्तीची होऊं लागली आणि ठाकठीक विमान डोंगरावर नेऊन आपटण्याचे प्रकार पुष्कळच घटले. एका माणसाच्या चिकाटीनें किती घरें सुखी राहिलीं याची मोजदाद कोणी करूं शकणार नाहीं. कारण न झालेल्या अपघाताची बातमी कोठेंच छापून येत नाहीं.

परत फिरण्याचें धैर्य

मात्र यंत्रानें सांगितलें तरी ऐकावयाचें कीं नाहीं, हें अखेर माणसाच्याच हातीं राहतें. उतरण नीट जमली नाहीं, वेग अधिक आहे, विमान रेषेच्या बाजूला गेलें आहे किंवा पट्टी दिसत नाहीं, असें झालें तर काय करावें याविषयीं नियम अगदीं स्पष्ट आहे. ढगाळ हवेंत १००० फूट आणि स्वच्छ हवेंत ५०० फूट उंचीवर येईपर्यंत सर्व कांहीं स्थिरस्थावर झालेलें नसेल, तर उतरण्याचा नाद सोडून यंत्रांना पूर्ण जोर द्यावा आणि विमान पुन्हां वर न्यावें. वैमानिकांच्या भाषेंत यास ‘गो-अराउंड’ म्हणतात. बोरघाटांतील ते वर चढणारे आखूड रूळ आणि हें विमान पुन्हां वर नेणें, दोहोंचें तत्त्व एकच : आवरेनासें होण्याआधीं सुटकेची वाट धरावी.

परंतु ही वाट धरणारे थोडे. विमानांच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या फ्लाइट सेफ्टी फाउंडेशन या संस्थेस असें आढळून आलें कीं, न जमलेल्या उतरणींपैकीं सुमारें ३ टक्के प्रसंगींच वैमानिक विमान पुन्हां वर नेतात. उरलेल्या ९७ टक्के प्रसंगीं उतरण तशीच पुढें रेटली जाते. बहुतेक वेळां निभावतें, आणि निभावतें म्हणूनच संवय जडते.

एकदां न निभावल्यास काय होतें हें ७ ऑगस्ट २०२० रोजीं केरळांतील कोळिकोडे येथें दिसलें. करोनाच्या साथींत परदेशीं अडकलेल्यांना घेऊन दुबईहून आलेल्या एअर इंडिया एक्सप्रेसच्या विमानांत १९० माणसें होतीं. पाऊस कोसळत होता. पहिला प्रयत्न सोडून देऊन वैमानिकांनीं विमान वर नेलें, तें योग्यच झालें. दुसऱ्या प्रयत्नाच्या वेळीं वारा पाठीमागून होता. २७०० मीटर लांबीच्या पट्टीपैकीं जवळजवळ निम्मी मागें पडल्यावर चाकें जमिनीला लागलीं. साहाय्यक वैमानिकानें विमान पुन्हां वर नेण्याची सूचना केली होती. पण तें वर गेलें नाहीं. डोंगरावर सपाट केलेल्या त्या पट्टीच्या कडेवरून विमान खालीं गेलें, आणि दोघां वैमानिकांसह २१ जणांचा अंत झाला. चौकशी करणाऱ्या मंडळानें जीं कारणें नमूद केलीं त्यांत एक विचार करण्याजोगें आहे : दुसऱ्या दिवशींच्या उड्डाणासाठीं वेळेवर पोंचण्याची मुख्य वैमानिकाच्या मनांतील ओढ. आयुष्यभर आकाशांत वावरलेला कर्तबगार माणूसही ‘आज पोंचलेंच पाहिजे’ या एका विचारापुढें कसा दुबळा होतो, याचें याहून करुण उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हा विचार वैमानिकाच्या मनांत येतो तो कांहीं आकाशांतून येत नाहीं. त्यास आपणही हातभार लावतों. विमान न उतरतां वर गेलें कीं आंतील प्रवासी ओरडूं लागतात. सोलापूरऐवजीं पुण्यास किंवा हैदराबादेस नेऊन उतरविलें कीं कंपनीच्या नांवानें बोटें मोडतात. ज्यांना सभा, लग्न किंवा मुहूर्त गांठावयाचा असतो ते मोठे लोक तर ‘अमक्या वेळीं पोंचलोंच पाहिजे’ असें निघण्यापूर्वींच बजावून ठेवतात. येथें घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीं एक शिस्त लावावी, अशी आमची विनंती आहे. येणारा पाहुणा आज आला नाहीं, विमान वाटेंतून परत फिरलें, असें कळलें तर त्या वैमानिकाला दूषण देऊं नये. मुलांदेखत त्याची वाहवा करावी. साखरपुडा एक दिवस पुढें गेला तर बिघडत नाहीं, आणि गांठण्याचेच असेल तर आदल्या दिवशीं निघावें.

सोलापूरची चिमणी

आतां आम्ही सोलापूरकडे वळतों. वैमानिक कितीही सावध असला तरी त्याची वाट जमिनीवरच्यांनीं अडविली असेल तर तो काय करणार? या प्रश्नाचा एवढा कठोर अनुभव महाराष्ट्रांत सोलापूरइतका क्वचितच दुसऱ्या शहरास आला असेल.

सोलापूर हें चिमण्यांचें शहर. १८७७ च्या सुमारास सुरू झालेल्या जुन्या गिरणीपासून या शहराची वाढ झाली ती गिरण्यांच्या धुराड्यांखालीं. भोंग्यावर घड्याळें लावावीं आणि चिमणीचा धूर पाहून घरांत चूल पेटल्याचें समाधान मानावें, असा कित्येक पिढ्यांचा परिपाठ. गिरण्या गेल्या, पण उंच चिमणी म्हणजे रोजगार आणि भरभराट, ही भावना मात्र मनांत राहिली. अशा शहरांतील कुमठे येथील श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची, उसाच्या चिपाडावर वीज करणाऱ्या प्रकल्पाची सुमारें ९० मीटर उंचीची चिमणी होटगी रस्त्यावरील विमानतळाच्या उतरणीच्या आड येते, असा आक्षेप निघाला आणि त्यावरून वर्षानुवर्षें वाद चालला.

वाद चालण्याजोगाच होता. एका बाजूस कारखान्याचे सभासद शेतकरी आणि कामगार. उस वेळेवर गाळला गेला नाहीं तर तो शेतांत वाळतो, आणि त्याबरोबर मुलीचें लग्न, मुलाचें शिक्षण व सोसायटीचें कर्ज हीं सारींच लांबणीवर पडतात. विमानांत बसणारे मूठभर, त्यांच्यासाठीं आमची चिमणी कां पाडतां, हा त्यांचा प्रश्न सहज झटकून टाकण्यासारखा नव्हता. दुसऱ्या बाजूस वैद्यकीय उपचारांसाठीं धांवाधांव करणारे, चादरी-टॉवेलांचे व्यापारी, पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोटच्या यात्रेकरूंची सोय पाहणारे आणि तरुणांचें स्थलांतर थांबावें म्हणून तळमळणारे नागरिक. बोरामणी येथें नवें मोठें विमानतळ करण्याची योजना पुष्कळ वर्षें रेंगाळलेली; त्यामुळें होटगी रस्त्यावरचें जुनें विमानतळ हीच काय ती आशा. सरतेशेवटीं १५ जून २०२३ रोजीं मोठ्या पोलीस बंदोबस्तांत सुरुंग लावून ती चिमणी पाडण्यांत आली. कांहीं सेकंदांत ती आडवी झाली. बघणाऱ्यांपैकीं कोणी आनंदले आणि कोणाच्या डोळ्यांत पाणी आलें, दोघेही सोलापूरचेच. पुढें २९ सप्टेंबर २०२४ रोजीं नव्यानें सज्ज केलेल्या विमानतळाचें उद्घाटन झालें आणि वर सांगितल्याप्रमाणें २०२५ मध्यें विमानें सुरू झालीं.

चिमणी पाडणें रास्त होतें कीं नव्हतें, याचा निर्णय भावनेनें न करतां हिशेबानें करावा. विमान पट्टीच्या टोकावरून १५ मीटर उंचीवर जातें असें आम्हीं वर म्हटलें. तेथून मागें मोजीत गेलें तर एक किलोमीटरवर तें सुमारें ६७ मीटर आणि दीड किलोमीटरवर सुमारें ९३ मीटर उंचीवर असतें. म्हणजे ९० मीटरांची चिमणी दीड किलोमीटर दूर असलेल्या विमानाच्या पोटाशीं भिडेल एवढी उंच. ती मार्गाच्या अगदीं मधोमध नसली तरी भय टळत नाहीं. कारण विमान वळणें घेतें, वाऱ्यानें बाजूला सरतें, आणि न जमलेल्या उतरणींतून पुन्हां वर जातांना त्यास आजूबाजूचें आकाश मोकळें लागतें. म्हणूनच जगभरच्या नियमांत विमानतळाभोंवतीं सुमारें ४ किलोमीटरपर्यंत ४५ मीटर उंचीवर एक अदृश्य छत कल्पिलेलें आहे. त्यास भोंक पाडून वर जाणारी प्रत्येक वस्तु, मग ती चिमणी असो, इमारत असो कीं मनोरा असो, अडथळा समजली जाते. ही चिमणी त्या छताच्या दुप्पट उंच होती.

आमचें मत असें कीं, प्रवासी विमानें आणावयाचीं तर चिमणी जाणें अपरिहार्य होतें. परंतु तेवढेंच म्हणून हात झटकणें हें शेतकऱ्यांवर अन्यायाचें होईल. उभी चिमणी पाडण्यास जें नुकसान, जी कटुता आणि जीं वर्षें लागलीं, तीं चिमणीची पहिली वीट बसण्यापूर्वीं हा प्रश्न पुरता सुटला असता तर लागलीं नसतीं. कागदावरची रेघ पुसण्यास पैसा लागत नाहीं. आकाशांतली रेघ पुसावयाची तर सुरुंग लावावे लागतात.

उरलेल्या चिमण्या

एक चिमणी गेली म्हणून वाट कायमची मोकळी झाली, असें मात्र समजूं नये. विमानें येऊं लागलीं कीं विमानतळाभोंवतीं जमिनीचे भाव चढतात, आणि भाव चढले कीं मजले चढतात. होटगी रस्त्याच्या आसपास घर किंवा सदनिका घेणाऱ्या गृहस्थानें दोन गोष्टी विचाराव्या : इमारतीच्या उंचीसाठीं विमानतळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला घेतलेला आहे काय, आणि त्यांत लिहिलेल्या उंचींत गच्चीवरची टाकी, मनोरा व झेंड्याचा खांब धरलेला आहे काय. दाखल्यावांचून चढलेला मजला म्हणजे दुसरी चिमणीच. फरक एवढाच कीं, ती पाडण्याची वेळ आली तर आंत आपला संसार असेल.

दुसरी चिमणी खरोखरीच पंखांची आहे. २९ डिसेंबर २०२४ रोजीं दक्षिण कोरियांतील मुआन येथें उतरूं पाहणाऱ्या जेजू एअरच्या विमानाच्या यंत्रांत पक्षी शिरले. यंत्रांत बैकल टील या बदकांचीं पिसें सांपडलीं. चाकें न सोडतांच विमान पोटावर टेकलें आणि पट्टीपलीकडे उभारलेल्या काँक्रीटच्या बांधावर जाऊन फुटलें. १८१ पैकीं १७९ जण गेले. एका संकटाचें आकाशांतील निमित्त पक्षी आणि जमिनीवरील निमित्त मानवानें बांधलेला बांध, अशी ती दुहेरी शोकांतिका होती. आपल्याकडे १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमानें विमानतळाच्या १० किलोमीटरच्या आंत उघड्यावर जनावरें कापण्यास व पक्षी गोळा होतील असा केरकचरा टाकण्यास मनाई केलेली आहे. ९० मीटरांची चिमणी सर्वांना दिसली. उकिरड्यावर घिरट्या घालणारी घार दिसत असूनही कोणी तिच्याकडे पाहत नाहीं. उरलेलें अन्न आणि ओला कचरा रस्त्याच्या कडेला भिरकावणारा सुशिक्षित गृहस्थ आपल्याच लेकीच्या वाटेवर घारी बोलावीत असतो.

तिसरी गोष्ट सणासुदीची. संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात आणि मुलांच्या हातीं पतंग येतात. पतंग उडवूं नयेत असें आम्ही मुळींच म्हणत नाहीं. ते विमानतळापासून दूर, मोकळ्या मैदानांत उडवावेत. मिरवणुकांतील लेसरचे झोत आकाशाकडे सोडण्याची हौस मात्र सर्वस्वीं टाकावी. रात्रीं उतरणाऱ्या वैमानिकाच्या डोळ्यांत तो झोत गेला तर पट्टी दिसावयाच्या नेमक्या क्षणीं त्याचे डोळे दिपतात, आणि त्या क्षणाची किंमत किती सेकंदांची असते हें आम्हीं मुंबईच्या प्रसंगीं दाखविलेंच आहे. हीच गोष्ट लग्नांत फोटोसाठीं उडविल्या जाणाऱ्या ड्रोनची.

पाहुणा यावयाचा असला म्हणजे आपण अंगण झाडून ठेवतों, वाटेंतला दगड उचलतों, कोनाड्यांत दिवा ठेवतों. हें सर्व आपल्या आयाआजींनीं आपणांस शिकविलें आहे. त्यासाठीं कायदा करावा लागला नाहीं. जो पाहुणा आकाशांतून यावयाचा त्याचें अंगण होटगी रस्त्यावरून कित्येक किलोमीटर लांब आणि आकाशाइतकें उंच पसरलेलें आहे, एवढाच काय तो फरक. सोलापूरच्या शेतकऱ्यांनीं त्या अंगणासाठीं आपली चिमणी दिली, मग ती राजीखुशीनें असो वा नाइलाजानें. आतां शहरांतील प्रत्येक घरानें आपला मजला, आपला उकिरडा, आपला पतंग आणि आपली घाई यांकडे एकदां पाहावें. त्यांपैकीं कांहीं वाटेंत येत असेल, तर सुरुंगाची वेळ येण्यापूर्वींच तें बाजूला करावें.